आमचा वेताळ इंग्रज होता

'वेताळ' म्हटलं की माझ्या पिढीच्या मराठी वाचकाला दोन वेताळ आठवतात. पहिला 'चांदोबा'तला. विक्रम राजा खांद्यावर प्रेत टाकून स्मशानातून चालला आहे आणि त्या प्रेतातला वेताळ त्याला गोष्ट सांगतो आहे. दुसरा 'इंद्रजाल कॉमिक्स'मधला. डोळ्यांवर मुखवटा, बोटात कवटीची अंगठी, राहायला कवटीची गुहा. पहिला खरोखरचं भूत होता. दुसरा हाडामांसाचा माणूस, पण जंगलातले लोक त्याला अमर समजत, म्हणून तोही जवळजवळ भूतच.

हा दुसरा वेताळ म्हणजे ली फॉक या अमेरिकन लेखकाचा 'फँटम'. १९३६ साली तो वर्तमानपत्रात अवतरला. मार्च १९६४मध्ये टाइम्स ऑफ इंडियाने मुंबईहून इंद्रजाल कॉमिक्स सुरू केलं, त्याचा पहिला अंक याच फँटमचा. पुढे इंद्रजाल मराठीतही येऊ लागलं आणि फँटमचं मराठी नाव 'वेताळ' पडलं. या वेताळाचा मूळपुरुष समुद्री चाच्यांच्या हल्ल्यातून वाचलेला इंग्रज खलाशाचा मुलगा होता, असं ही कथा सांगते. म्हणजे आमच्या अकोल्याच्या मोहल्ल्यात रोज पंचवीस पैसे भाड्याने येणारा वेताळ रक्ताने इंग्रज होता. भाईजान तो दुकानातून आणायचा. तसल्या दुकानात मुलींनी जाणं बरं दिसत नसे. म्हणून त्याचं वाचून झालं की संध्याकाळच्या आत माझं वाचून व्हायला हवं, कारण दुसऱ्या दिवशी भाडं वाढायचं. घरात उर्दू, शाळा उर्दू. मराठी भराभर वाचायची सवय मला या घाईने लावली, पाठ्यपुस्तकाने नाही.

हे आज लिहायला एक कारण झालं. इंग्लंडात सत्तर-ऐंशीच्या दशकात मुलांसाठी भुताखेतांची चित्र-साप्ताहिकं निघत. ती वाचून मोठे झालेले लोक आज पन्नाशी-साठीत आहेत आणि त्या अंकांबद्दल फार मायेने बोलतात, जुने अंक शोधतात, नव्याने छापलेले विकत घेतात. त्यांचा इतिहास वाचताना मला आपला इतिहास आठवत गेला. दोन्ही एकमेकांत इतके गुंतलेत, याची मला कल्पना नव्हती.

वेताळाचा प्रवास

सुरुवात आपल्या जुन्या वेताळापासून करू. वेताळाच्या पंचवीस गोष्टी अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने 'कथासरित्सागरा'त घेतल्या. पुढे जयपूरच्या दरबारासाठी त्या ब्रज भाषेत आल्या. एकोणिसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात, कंपनीच्या गोऱ्या साहेबांना हिंदुस्तानी शिकवण्यासाठी, 'बैताल पचीसी' तयार झाली. ती दोघांनी मिळून केली: मजहर अली खान 'विला' आणि लल्लूलाल. एक उर्दूचा शायर, दुसरा ब्रजचा पंडित. विक्रम-वेताळाला छापखान्यात नेणाऱ्यांत एक मुसलमान मुन्शी होता, हे मी वर्गात सांगते तेव्हा मुलं माझ्याकडे जरा संशयानेच बघतात.

हीच पचीसी वाचून इंग्रज साहेब आपली भाषा शिकले. त्यांच्यातला एक रिचर्ड बर्टन. १८७०मध्ये त्याने यातल्या अकरा गोष्टी आपल्या पद्धतीने इंग्रजीत सांगितल्या आणि पुस्तकाला नाव दिलं 'विक्रम अँड द व्हॅम्पायर'. वेताळ काही रक्त पिणारा नाही. तो हुशार, वाद घालणारा, न्यायाचे पेच टाकणारा आहे. पण इंग्रज वाचकाला ओळखीचा शब्द हवा होता, म्हणून वेताळाचा व्हॅम्पायर झाला. ब्रॅम स्टोकरची 'ड्रॅक्युला' आली ती त्यानंतर सत्तावीस वर्षांनी, १८९७मध्ये. स्टोकर बर्टनला प्रत्यक्ष भेटला होता, आणि बोलताना बर्टनचा लांब सुळा कसा चमकायचा याचं वर्णन त्याने आठवणींत करून ठेवलं आहे. ड्रॅक्युला वेताळावरून सुचला असं मी म्हणत नाही. पण आपला वेताळ इंग्लंडात व्हॅम्पायर म्हणून गेला आणि त्यांचा फँटम आपल्याकडे वेताळ म्हणून आला, एवढं मात्र खरं.

भुतांच्याही जाती

मराठी भुतांचं एक वैशिष्ट्य आहे. त्यांनाही जात असते. मुंज झालेला पण लग्नाआधी मेलेला ब्राह्मणाचा मुलगा म्हणजे मुंजा, तो पिंपळावर राहतो. बाळंतपणात गेलेल्या बाईची हडळ होते. आणि मुसलमान मेला की त्याचा होतो खवीस. हा शब्द अरबी 'खबीस'वरून आला. खबीस म्हणजे नापाक, दुष्ट. संडासात जाताना म्हणायची जी दुआ आपण मुलांना शिकवतो, तिच्यात याच धातूचे शब्द आहेत. आपण ज्याच्यापासून अल्लाहकडे पनाह मागतो, त्याच्याच नावाने शेजाऱ्यांनी आपलं भूत ओळखावं, याची मला लहानपणी फार गंमत वाटायची. मैत्रिणी म्हणायच्या, "तुमच्या कब्रस्तानात खवीस आहे." मी म्हणायचे, "आमच्यात भूतच नसतं, जिन्न असतो."

ते खरंही होतं. इस्लामी श्रद्धेप्रमाणे मेलेला माणूस परत येत नाही. त्याची रूह कयामतपर्यंत बरजखमध्ये असते. जिन्न ही वेगळी मखलूक आहे, धूर नसलेल्या आगीपासून बनलेली. कुरआनात त्यांच्या नावाची एक सूरह आहे, आणि त्यांच्यातही ईमान आणणारे असतात. आमची नानी अचलपूरची. तिच्या गोष्टींतले जिन्न पाचवक्ता नमाजी असायचे. गाविलगडावर म्हणे अमावास्येला घोड्यांच्या टापा ऐकू येतात. १८०३च्या डिसेंबरात आर्थर वेलस्लीने, म्हणजे पुढच्या ड्यूक ऑफ वेलिंग्टनने, तो किल्ला घेतला आणि आत फार माणसं मारली गेली. नानीला वेलस्ली ठाऊक नव्हता. "फिरंगी आया था," एवढंच ती सांगायची. मात्र टापा कुणाच्या, हे तिने कधी सांगितलं नाही. मेलेले परत येत नाहीत हा अकीदा होता, आणि टापा तर ऐकू यायच्या. दोन्ही सांभाळायचं तर गप्प बसणंच बरं.

ग्लासगोचं कब्रस्तान

भुताच्या गोष्टींनी मुलं बिघडतात ही तक्रार जुनी आहे. अब्बांचे एक स्नेही आले की माझ्या हातातलं पुस्तक बघून म्हणायचे, "ये शैतानी किताबां कायको पढ रही बेटी?" ही तक्रार कायद्यात कशी उतरली, त्याची हकीकत ऐकण्यासारखी आहे.

सप्टेंबर १९५४. स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात गॉर्बल्स नावाची गरीब कामगार वस्ती होती. तिथल्या कब्रस्तानात एका संध्याकाळी शेकडो पोरं घुसली. काही तर चार-पाच वर्षांची. हातात टोकदार काठ्या आणि चाकू. दोन मुलांना खाणारा, लोखंडी दातांचा, सात फुटी व्हॅम्पायर त्यांना मारायचा होता. मागे लोखंडाचा कारखाना होता, त्याच्या भट्टीने आकाश लाल व्हायचं. पोलीस आले. एका हेडमास्तरांनी पोरांना समजावलं. शेवटी पावसाने पांगवलं. पुढच्या रात्रीही पोरं पुन्हा जमली. प्रत्यक्षात एकही मूल हरवलेलं नव्हतं.

वर्तमानपत्रांनी आणि पुढाऱ्यांनी लगेच गुन्हेगार शोधला: अमेरिकन हॉरर कॉमिक्स. ती आधी अमेरिकन सैनिकांबरोबर आणि जहाजांवरून ब्रिटनमध्ये यायची, नंतर तिथेच छापली जाऊ लागली. त्यांच्याविरुद्ध मोहीम आधीपासून चालूच होती. तिच्यात कँटरबरीचे आर्चबिशप होते, शिक्षकांची संघटना होती, आणि अमेरिकेचं जे येईल ते नको म्हणणारे कम्युनिस्टही होते. एरवी एका बाकावर न बसणारी माणसं मुलांच्या काळजीपोटी एकत्र आली. १९५५मध्ये कायदा झाला.

लोखंडी दातांचा व्हॅम्पायर मात्र कुणाला कॉमिक्समध्ये सापडला नाही. तो सापडला तो दुसरीकडेच. बायबलमध्ये दानिएलच्या स्वप्नातल्या श्वापदाला लोखंडी दात आहेत, आणि लोखंडी दातांच्या जेनीवरची एक जुनी स्कॉटिश कविता तिथल्या शाळांमध्ये शिकवली जायची. म्हणजे ज्याला पकडायला कायदा केला, ते भूत चर्च आणि शाळा यांच्याच अंगणातलं असण्याची शक्यता जास्त. शिक्षिका म्हणून मला यातून एकच कळलं. मुलाला भीती कुठून मिळाली हे त्याच्या हातातल्या पुस्तकावरून ठरवू नये.

ब्रिटनमध्ये कायदा झाला की पाठोपाठ आपल्याकडे होण्याची सवय १९४७ नंतरही गेली नव्हती. पुढच्याच वर्षी, १९५६मध्ये, संसदेने 'यंग पर्सन्स (हार्मफुल पब्लिकेशन्स) अ‍ॅक्ट' केला. गुन्हे, हिंसा, किळसवाणे किंवा भयंकर प्रसंग यांनी भरलेलं आणि तरुण मन बिघडवणारं साहित्य विकलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद. ब्रिटिश कायदा चित्रकथांपुरता होता. आपल्या कायद्याने 'चित्रांसह किंवा चित्रांशिवाय' सांगितलेल्या गोष्टी असं म्हटलं. तिकडे प्रश्न सतरा वर्षांखालच्या मुलांचा होता, आपल्याकडे 'यंग पर्सन' म्हणजे वीस वर्षांखालचा कुणीही. या व्याख्या अक्षरशः लावल्या असत्या तर अर्धी मराठी आणि पाऊण उर्दू वाचनसंस्कृती तुरुंगात गेली असती. सुदैवाने कायदा कपाटात राहिला. ब्रिटनमध्येही त्याखाली बोटावर मोजण्याइतकेच खटले झाले.

मुलींची भुतं

वीस वर्षांनी ब्रिटनमध्येच भुतं परत आली, आणि या वेळी ती मुलींसाठी होती. डंडी शहरातल्या डी. सी. थॉमसन कंपनीने १९७६मध्ये 'स्पेलबाउंड' काढलं. फेब्रुवारी १९७८मध्ये लंडनहून 'मिस्टी' निघालं. त्याच्या अंकांत धुक्यातून येणारी, लांब काळ्या केसांची मिस्टी असायची. शर्ली बेलवूड तिचं चित्र काढत. 'मूनचाइल्ड' या कथेत आईच्या जाचातली आणि शाळेत छळ सोसणारी मुलगी आहे, तिच्या नजरेने वस्तू हलतात. 'सेंटिनल्स' या कथेत एका ओसाड इमारतीतून पलीकडच्या ब्रिटनमध्ये जाता येतं, जिथे नाझी जिंकलेले आहेत. 'मिस्टी'चे १०१ अंक निघाले आणि जानेवारी १९८०मध्ये ते दुसऱ्या साप्ताहिकात विलीन झालं.

मार्च १९८४मध्ये 'स्क्रीम' आलं. पहिल्या अंकासोबत ड्रॅक्युलाचे प्लास्टिकचे सुळे फुकट! त्यातल्या 'थर्टीन्थ फ्लोअर' या कथेत उंच इमारत सांभाळणारा एक कॉम्प्युटर आहे. रहिवाशांना त्रास देणाऱ्यांना तो नसलेल्या तेराव्या मजल्यावर नेऊन घाबरवतो. गुंड, सतावणारे वसुलीवाले, सगळे तिथे. 'स्क्रीम' पंधरा अंकांतच बंद पडलं. तरी ते आठवणारे लोक चाळीस वर्षं ते आठवत आहेत.

या गोष्टींत भुतापेक्षा शाळेतला छळ, घरातला जाच, घरमालकाचा त्रास जास्त आहे. भूत बहुतेक वेळा दुबळ्याच्या बाजूने येतं. मुलं का वाचायची, ते यातून कळतं.

आपली भुतं, दोन लिप्यांत

आता आपल्याकडे. 'चांदोबा' हा मद्रासच्या 'चंदामामा'चा मराठी अवतार. बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी 'चंदामामा' जुलै १९४७मध्ये तेलुगू आणि तमिळमध्ये सुरू केला, पुढे काही वर्षांत तो मराठीत आला. के. सी. शिवशंकरन ऊर्फ 'शंकर' यांनी विक्रम-वेताळाचं चित्र असं काढलं की त्यानंतर वेताळ वेगळा दिसू शकतो हे कुणाच्या मनातच येईना. मूळच्या पंचवीस गोष्टी संपल्या, तरी त्याच साच्यात नव्या येत राहिल्या.

थोडं मोठं झाल्यावर नारायण धारप. धारपांचं 'समर्थ' हे पात्र अघोरी शक्तींशी लढायचं, आणि 'लुचाई'मध्ये त्यांनी स्टीफन किंगच्या 'सालेम्स लॉट'मधलं रक्तपिपासू संकट आपल्या मातीत आणलं. रत्नाकर मतकरींची गूढकथा वेगळी. तिथे भूत दिसतच नाही, मध्यमवर्गीय घरातलं माणूसच हळूहळू भयंकर होत जातं. 'नवल' मासिक अशाच अद्भुत आणि रहस्यमय कथांना वाहिलेलं होतं.

उर्दूत याहून जुना खजिना होता. अमीर हमजाची दास्तान, तिच्यातलं 'तिलिस्मे-होशरुबा', जादूगारांचा बादशाह अफरासियाब, आणि अख्खी दुनिया मावेल अशी झोळी घेऊन फिरणारा अमर अय्यार. १८८३पासून लखनऊच्या नवल किशोर प्रेसने ही दास्तान छापायला घेतली, आणि तिचे ४६ खंड झाले. मुन्शी नवल किशोर हिंदू होते. म्हणजे वेताळाला छापण्यात मुसलमानाचा हात आणि हमजाला छापण्यात हिंदूचा. विसाव्या शतकात अलाहाबादहून इब्ने सफींची 'जासूसी दुनिया' आली. ती हेरकथा, पण तिच्यातल्या ओसाड हवेल्या कोणत्याही भुताटकीला लाजवतील. अहमदाबादच्या मजहरुल हक अलवींनी 'ड्रॅक्युला' उर्दूत आणला. आमच्या घरात तो अब्बांच्या ट्रंकेत, पुठ्ठा निघालेला, असा होता. तेव्हा मला काउंट ड्रॅक्युला उर्दू बोलणारा नवाब वाटायचा. मराठीतला वेताळ इंग्रज आणि उर्दूतला इंग्लंडचा ड्रॅक्युला नवाब!

आणि बहादूर विसरून चालणार नाही. इंद्रजालने १९७६मध्ये आणलेला भगव्या कुर्त्यातला हा देशी नायक आबिद सुरती या मुसलमान लेखकाने घडवला होता. अंक हातात असताना हे आमच्यापैकी कुणालाही ठाऊक नव्हतं, आणि विचारावं असंही कुणाला वाटलं नाही.

काय जपलं, काय गेलं

ब्रिटनमध्ये १९५५च्या कायद्याने जी जात संपवायची होती, तिचे वारस आज मानाने छापले जातात. 'रिबेलियन' या प्रकाशन कंपनीने २०१६मध्ये 'मिस्टी', 'स्क्रीम' यांच्यासह त्या काळच्या साप्ताहिकांचे हक्क विकत घेतले आणि निवडक कथांची पुस्तकं काढायला सुरुवात केली. वाचकांनी जुने अंक जपले होते, म्हणून त्यांना आज किंमत आली.

आपल्याकडे जपणारे एकेकटे होते. शम्सुर्रहमान फारूकींनी वर्षानुवर्षं हिंडून दास्तानचे सगळे ४६ खंड जमवले. त्यातूनच २००५मध्ये दास्तानगोई पुन्हा रंगमंचावर आली. धारप परत आले ते 'तुंबाड' सिनेमामुळे, २०१८मध्ये. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांना धारपांची एक गोष्ट मित्राने १९९३मध्ये नागझिऱ्याच्या जंगलात सांगितली होती. ती त्यांच्या डोक्यात पंचवीस वर्षं राहिली. नागझिरा आपल्या विदर्भातलाच. बाकी 'इंद्रजाल' १९९०मध्ये संपलं, 'चांदोबा'ही बंद पडला, आणि भाड्याच्या दुकानांतले अंक रद्दीत गेले. अकोल्याच्या आमच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात.

हे नुकसान मला वर्गात दिसतं. माझ्या उर्दू शाळेतल्या मुलांना मराठी हा पास होण्यापुरता विषय वाटतो. मोठ्याने वाचायला सांगितलं की मान खाली जाते. एकदा मी विक्रम-वेताळाची एक गोष्ट वाचायला घेतली आणि राजा उत्तर देणार तिथे पुस्तक मिटलं. तास संपला होता. दारापर्यंत मागे येऊन एका मुलाने विचारलं, "मॅडम, फिर राजा क्या बोला?" मी पुस्तक त्याच्या हातात ठेवलं. दुसऱ्या दिवशी त्याने चार जणांना उत्तर सांगितलं होतं, मराठीतच.

आणखी एक गोष्ट आहे. नोव्हेंबर २०२१मध्ये अमरावतीत आणि मे २०२३मध्ये अकोल्यात दंगल झाली. संचारबंदी लागली, इंटरनेट बंद झालं. त्यानंतर शाळा उघडली तेव्हा मुलं घाबरलेली होती, पण मुंजाला किंवा खवीसाला नाही. कोणत्या गल्लीतून यायचं, कोणत्या चौकात नाव सांगायचं नाही, हे ती एकमेकांना सांगत होती. गोष्टीतली भीती पुस्तक मिटलं की संपते. शिवाय ती दोघांत वाटून घेता येते. तुमचा मुंजा मला घाबरवायचा, आमचा जिन्न तुम्हाला, आणि दोघे मिळून हसायचो. मोबाइलवरून येणारी ही भीती शेजाऱ्याचा चेहरा लावून येते, आणि तिला शेवटचं पान नसतं. १९५६चा कायदा करणाऱ्यांनी मुलांना कशापासून वाचवायचं याचा विचार केला होता. त्यांना ही भीती दिसली नव्हती.

भुताच्या गोष्टींनी दंगली थांबतात असं मी म्हणणार नाही. पण दुसऱ्याच्या भुताची नावं ज्याला ठाऊक आहेत, त्याला दुसऱ्याचं घर अगदीच परकं राहत नाही, हा माझा अनुभव आहे.

म्हणून वाचकांना एक विनंती. या उन्हाळ्यात माळा आवरताना 'चांदोबा', 'इंद्रजाल', धारपांची सुटी पानं, अब्बांच्या किंवा दादाजींच्या ट्रंकेतल्या उर्दू कादंबऱ्या सापडल्या तर किलोवर देऊ नका. जवळच्या शाळेला द्या, मराठी असतील तर उर्दू शाळेला आणि उर्दू असतील तर वाचू शकणाऱ्याला. आमच्या शाळेत मी एक पत्र्याची पेटी ठेवली आहे. त्यात आजवर एकतीस अंक जमले आहेत. पाच-सहांची मुखपृष्ठं नाहीत, एकाचं शेवटचं पान नाही. त्या अंकाला मुलांकडून सगळ्यात जास्त मागणी आहे, कारण शेवट ज्याने त्याने आपापला लावायचा असतो.